ऑटोचा कौल

त्या रविवारी विनोदिनी कोरगावला माहेरी पोचली तेव्हा पदेर नुकताच पाव देऊन गेला होता, आणि तिची आई, रुक्मिणीबाई, पाव कालचे असल्याचं रिकाम्या रस्त्याला ऐकवत दारात उभी होती.

"बरा झाला इलंस ता," लेकीला बघताच तिने मोर्चा वळवला. "तुझ्या बापाशीक सांग जरा. सकाळपासून त्या हँडलाक धरून असत. देव्हाऱ्यातल्या देवाक हात जोडूक वेळ नाय, पण त्या लोखंडाची पूजा चललीसा."

"ऐकू येता माका," शेडमधून आवाज आला.

"येवचा म्हणानच बोलतंय!"

घराला लागूनच पत्र्याची शेड होती. शिवदास मेस्तांनी उभी हयात डिचोलीच्या एका खाण कंपनीच्या वर्कशॉपात काढली. निवृत्त होताना कंपनीने जुनी यंत्रं भंगारात काढली, तेव्हा त्यांनी त्यातलं मिलिंग मशीन उचललं आणि ट्रकवर चढवून गावी आणलं. ट्रक वाडीत शिरला तेव्हा ते केबिनमध्ये न बसता मागे मशीनपाशी उभे होते, वरातीत नवरीजवळ बसावं तसे. ही आठवण रुक्मिणीबाई आल्यागेल्याला सांगत असे, आणि दर वेळी, "माका आणली तेवा मातर बशीन आणली," हेही जोडत असे.

मशीनवर केरीच्या विठूच्या होडीचा शाफ्ट बांधलेला होता. त्यात चावी, म्हणजे पंखा घट्ट धरणारी लोखंडी पट्टी, बसण्यासाठी एक लांब खाच कापायची होती. वरचं कटर जागच्या जागी फिरतं आणि खालचं टेबल शाफ्टला घेऊन त्याच्याखालून सावकाश, एका चालीने सरकतं. ते सरकवायचं काम मशीनने आपलं आपण करायचं असतं. दांडा खाली केला की झालं. शेडमध्ये त्याला 'ऑटो' म्हणत. पण माघ महिन्यातच ऑटोच्या पेटीतल्या पितळी चाकाचे दात झिजून गेले होते. तेव्हापासून मेस्त हँडलावर उभे राहून टेबल हाताने सरकवत होते. उतारवयाच्या माणसाने दिवसभर, न थांबता, एका वेगाने.

"ये, जरा धर," ते म्हणाले. "माका पाठ सरळ करूक दी."

विनोदिनीने पर्स खोक्यावर ठेवली, साडीचा पदर खोचला आणि हँडल धरलं. लहानपणी ती हे करीत असे. आता ती डिचोलीत ग्रंथपाल होती आणि तिच्या हातांना पुस्तकांपेक्षा जड काही उचलायची सवय उरली नव्हती. तरी सुरुवातीला बरं जमलं. कटरखालून चंदेरी कीस निघत होता. मग तिने सहज मान वळवली. बाबा भिंतीला टेकून उभे होते, डोळे मिटलेले, आणि तोंडाने श्वास घेत होते. नुसतं पाठ सरळ करणाऱ्या माणसाचा तो श्वास नव्हता. तिचा हात थांबला.

"हां, थांबलंस!" डोळे न उघडताच ते म्हणाले.

त्यांनी येऊन तेल पुसलं आणि खाचेच्या तळावरून अंगठ्याचं नख फिरवलं. एका जागी नख अडलं. "हंय. हंय तुझो हात थांबलो. कटर एका जाग्यार घासत ऱ्हवलो की असो डाग पडता."

"आता काय करायचं?"

"काय करूचा? उद्या एक बारीक हात मारतंय, जातलो. नायतर ठेवतंय तुझ्या नावान. विठू केरीच्या दर्यात फिरवीत तुका."

दुपारी पेज झाली, सुक्या सुंगटांची किसमूर झाली. मीठ कमी की जास्त यावरून दोघा म्हाताऱ्यांचं नेहमीचं झालं. संध्याकाळच्या बसला ती निघाली तेव्हा बाबा फाटकापर्यंत आले. हात तेलाचे होते म्हणून त्यांनी कोपराने तिला ढकलल्यासारखं केलं आणि म्हणाले, "जा, बस चुकात."

तो डाग घालवायची उद्याची सकाळ त्यांच्या हाती लागलीच नाही. त्याच तिन्हीसांजेला, मोटार चालू असल्याचा आवाज येतोय पण हँडलाची कुरकुर थांबली, हे रुक्मिणीबाईच्या लक्षात आलं. ती चहा घेऊन गेली. मेस्त खोक्यावर बसले होते, पाठ मशीनला टेकलेली, एक हात अजून हँडलावर. वर कटर नुसतंच फिरत होतं.

हृदय आधीपासूनच दुबळं असणार, असं डॉक्टर म्हणाले. हाताने मशीन फिरवल्याने असं होतंच असं काही नाही. आज नाही तर सहा महिन्यांनी झालं असतं. वाडीतले लोक म्हणाले, काम करता करता गेला, पुण्यवान. विनोदिनीने सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि सगळ्यांना मान हलवली. या सगळ्यांना जे ठाऊक नव्हतं ते तिला ठाऊक होतं.

ते घडलं होतं चैत्रात. खाणी बंद पडल्याला तेव्हा काही महिने झाले होते. डिचोलीकडून येणारं काम आटलं होतं, पण केरीचा विठू आपल्या आणि भावांच्या होड्यांचं काम घेऊन आला. एवढं काम हाताने होणार नाही, ऑटो आता नीट करून टाकायला हवा, असं मेस्तांनी मनात धरलं. आणि मोठं काही करायचं तर गावच्या देवाचा कौल घ्यायचा, ही त्यांच्या घरची रीत. नेमका त्याच वेळी भाऊबंदांतला एक चुलता वारला आणि घराला सुतक लागलं. विठूला तर आठवड्याच्या आत जाब द्यायचा होता.

"तू जा," त्यांनी विनोदिनीला सांगितलं होतं. "तुका ह्या घरचा सुतक नाय. लगीन करून दिल्ल्याचो हो एक तरी फायदो झालो."

आणि त्यांनी तिच्याकडून प्रश्न पाठ करून घेतला होता, मशीनवर चढवायच्या जॉबचं माप सांगावं तसा. मशीन चालवू की नको, असं विचारायचं नाही. ऑटो दुरुस्त करू की नको, एवढंच विचारायचं. उजवी पाकळी सुटली तर होय, डावी सुटली तर नको.

विनोदिनीचा कौलावर विश्वास नव्हता. पण देवळाच्या गारव्यात, पाळीच्या पुजाऱ्याने देवाच्या अंगावर दोन्ही बाजूंना पिटकुळीच्या फुलाच्या ओल्या पाकळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली, तेव्हा ती श्वास धरून उभी राहिली. गाऱ्हाणं पुरं व्हायच्या आत पाकळी सुटली. पुजारी हसला. "देवाकच घाई झालीसा. उजवी! मेस्तांका सांग, बिनघोर करा म्हणान." त्याने ती पाकळी केळीच्या पानाच्या तुकड्यात घालून तिच्या हातावर ठेवली.

परतताना वळणावरून तिला शेड दिसली. बाबा पायरीवर बसले होते, एक हात छातीवर, आणि उठायच्या आधी दम गोळा करत होते. किती वर्षं ती सांगत होती, बंद करा हे, डिचोलीला आमच्याकडे या. तिचं ते ऐकत नसत. देवाचं ऐकत. तिने घरी येऊन पान त्यांच्या हातात दिलं आणि म्हणाली, "डावी."

पाकळीवर उजवं-डावं काही लिहिलेलं नसतं. त्यांनी ती डोळ्यांना लावली. मग म्हणाले, "बरा."

तिला वाटलं, संपलं. आता मशीन बंद होईल, वर्षभरात दोघं डिचोलीला येतील. पुढच्या खेपेला आली तर विठूचा पहिला शाफ्ट मशीनवर चढलेला, आणि बाबा हँडल फिरवतायत.

"बाबा, देवाने नको सांगितलं ना?"

"ऑटोक नको सांगल्यान. हाताक खंय सांगल्यान? मिया प्रश्न मापून दिल्लो."

"पण त्याचा अर्थ..."

"देवाची भाषा तुका माझ्यापरास कळता?" त्यांनी हसत विचारलं होतं.

यावर एकच उत्तर होतं, आणि ते तिने दिलं नाही. त्या महिनाभर तिला पुजाऱ्याची धास्ती होती. देवळात बाबांची गाठ पडेल, तो सहज काही बोलेल. मग त्याची पाळी संपली आणि तो आपल्या गावी निघून गेला. त्या दिवशी तिला हायसं वाटलं होतं. आता तिला त्या हायसं वाटण्याचीच जास्त शरम वाटत होती. एका खोट्यापायी होत्याचं नव्हतं करून बसलेली माणसं तिने पुस्तकांत पुष्कळ पाहिली होती. दुपारी चहा घेत, उशीला टेकून, त्यांची कीव करत पानं उलटली होती. त्यांच्यातलं कुणी आता तिच्या मदतीला येत नव्हतं.

दिवसवार झाले, सुतक फिटलं. पाहुणे पांगले. विनोदिनी रजा वाढवून आईपाशी राहिली. तिन्हीसांजेला तिच्या लक्षात आलं की देव्हाऱ्यात काळोख आहे. आई विसरली असेल म्हणून तिने काडेपेटी घेतली.

"ठय ती थंय," आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

"दिवा लावतंय."

"नको."

रुक्मिणीबाई बाहेर आली. पदराने हात पुसत देव्हाऱ्यासमोर उभी राहिली, पण देवांकडे तिने बघितलं नाही. "ह्येंनी जल्मभर त्येचा ऐकल्यानी. शेवटचा पण ऐकल्यानी. ऑटो नको म्हटल्यान, बरा, नको. हातान फिरवून फिरवून मेले. आता त्येका वात कित्या लावू मिया? बसूं दे थोडो काळोखात. कळूं दे."

"आई, असं बोलू नये."

"तू सांगतंस माका? तू कधी हात जोडलंस त्येका?"

ते खरं होतं. घरात देवावरून खटके उडत ते विनोदिनीमुळे. आई संध्याकाळचा दिवा कधी चुकवत नसे. तापाने फणफणलेली असली तरी भिंतीला धरून येई. लग्न होऊन या घरात आल्या दिवसापासून तिला जे काही सांगायचं असेल, सासूबद्दल, नवऱ्याबद्दल, न जगलेल्या पहिल्या मुलाबद्दल, ते तिने त्या दिव्याशी सांगितलं होतं. आता ती संध्याकाळी मागल्या दारी पायरीवर जाऊन बसायची आणि जेवायला हाक मारली तरी उठायची नाही. देवळातून प्रसाद आला तो तिने दारातूनच परत धाडला.

आई, त्याचा काही दोष नाही. हे वाक्य विनोदिनीच्या तोंडात रोज येई आणि रोज ती ते गिळून टाकी. त्याचा नाही, तर मग कुणाचा, असं आई विचारणार होती.

एका सकाळी केरीचा विठू येऊन पागोळीखाली उभा राहिला. धिप्पाड माणूस, पण दारात आल्यावर अर्धा झालेला. म्हणाला, "काकी, मी जॉबासाठी नाय इलंय. तुमका बघूक इलंय. जॉबाची घाई नाय."

"घाई कशी नाय?" रुक्मिणीबाई कडाडली. "पावस सरत इलो, दर्या सुटाक इलो. होडी काय तुळशीकडे लावन ठेवतलंस?"

"खंयतरी बघतंय मगे. म्हापशाक..."

"ह्येंनी घेतल्ला काम म्हापशाक जावचा नाय." मग ती लेकीकडे वळली. "आमोण्याक फोन लाव. कृष्णनाथ भावजींका बोलव."

कृष्णनाथ हे मेस्तांचे खाणीवरचे जोडीदार. दोघांनी एकाच डब्यात जेवून नोकरी काढली होती. आमोण्याहून स्कूटर हाकत ते आले, हेल्मेट काढलं आणि शेडच्या दारात थोडे थबकले. मग मशीनला हात लावून म्हणाले, "काय गे म्हातारे, घो गेलो तुझो." रुक्मिणीबाईला इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसू आलं आणि त्या हसण्याचंच रडू झालं.

त्यांनी जॉब खालून-वरून पाहिला. "शिवान बांधलोसा असो की सोडूक मन होणा नाय. सोडलो तर परत तसोच बसवूक शिवाच होयो. म्हणजे पुरो करूचो तो हंयच, ह्याच मशीनार. पण वयनी, माझो खांदो गेलोसा. आंघोळीचो तांब्यो डोक्यार जाणा नाय. हँडल माझ्यान मारूचा नाय, आणि नवख्या हातान डाग पडतलो."

"मग?"

"मग ऑटो नीट करूक होयो." आणि बोलून गेल्यावर त्यांना आठवलं. मग विनोदिनीकडे वळून, आवाज उतरवून म्हणाले, "बाय, कौलाक तू गेल्लंस ना? भट काय म्हणालो नीट सांग. डावी पुरी सुटली, की नुसती हल्ली? खंय थोडी वाट असली तर मी हात लावतंय. देवाची मनाई मोडूची म्हणजे... माका भंय दिसता."

आई बघत होती. पत्र्यावर कुठेतरी पाणी ठिबकत होतं.

"पाकळी सुटली, काका," विनोदिनी म्हणाली.

त्यात खोटं काही नव्हतं. तिने ते जुळवून म्हटलं नव्हतं, ते आपसूक बाहेर आलं, आणि आपण यात किती तरबेज झालो आहोत हे तिला कळलं.

"करा भावजी तुमी," रुक्मिणीबाई म्हणाली. "ह्या घरासून देवाक आता कोण विचारूक जाणा नाय. पाप लागात ता माका लागूं दे."

कृष्णनाथांनी पेटीचं झाकण उघडलं. तेल काळं झालं होतं आणि त्यात पितळेचा चुरा चमकत होता. मधलं चाक त्यांनी बाहेर काढून उजेडात धरलं. दात उरलेच नव्हते, नुसत्या लाटा होत्या. "ह्या बघ, माझ्या तोंडासारख्या झालासा," ते म्हणाले. "ह्या आता नवीनच होया. बेळगावाक जावन ओतून आणूचा, दात कापूचे... दर्या सुटायसर काय होवचा नाय."

तेव्हा रुक्मिणीबाई काही न बोलता आत गेली आणि जुन्या लुंगीत गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आली. "बाकड्याखाली गावला माका. ह्या काय असा ता बघा."

कृष्णनाथांनी गाठ सोडली. आत एक पितळी चाक होतं, नवं, तेल लावून ठेवलेलं. त्यांनी ते तळहातावर घेतलं, दातांवरून बोट फिरवलं आणि खोक्यावर बसून घेतलं.

"ह्या तर तयार असा," ते म्हणाले. "मी होतंय त्येच्याबरोबर. माघात बेळगावाक जावन ओतून आणलंव. दात त्येणी हंय कापल्यान, ह्याच मशीनार, हातान. सगळा झाला. ह्या बघ, भोकात चावीची खाच तेवढी नाय. ती मुद्दाम सोडल्यान."

"मुद्दाम?" विनोदिनीने विचारलं.

"मिया म्हटलंय त्येका, शिवा, दोन तासांचा काम, पुरा करून टाक. तर म्हणता कसो, कौल येयसर नको. आदी पुरा केलंय आणि मग विचारूक गेलंय, तर देव म्हणतलो, ठरवलंस तर माका विचारतंस कित्याक? थोडा अर्धा ठेवूक होया, म्हणजे विचारल्यासारख्या होता." त्यांनी नाक पुसलं. "देव नाय म्हणात असा त्येच्या मनातसुदा नाय इला. डावी पडली त्या सांजेक माका फोन केल्यान. इतक्याच म्हणालो, कृष्णा, आमका दिसणा नाय असा कायतरी देवान बघल्यान असतला."

विनोदिनी उठून शेडच्या मागे गेली. तिथे काजूच्या बुंध्याला हात टेकून उभी राहिली. बाबांनी चाक गुंडाळून ठेवलं असेल तो क्षण तिला दिसत होता. लुंगी फाडून, नीट तेल लावून, गंज चढू नये म्हणून. पितळेला गंज चढत नाही हे माहीत असूनही. आणि ते करताना देवाने काय पाहिलं असेल याचा विचार करत. पाहिलं होतं ते तिने, त्यांना पायरीवर दम गोळा करताना. ते तिने त्यांना आपल्या तोंडाने सांगायचं होतं. बाबा, मला भीती वाटते, एवढंच. ते सांगायला तिला देव लागला होता.

ती परत आली तेव्हा कृष्णनाथ चाक शिकंज्यात धरून आतली खाच कानशीने कापत होते. त्यांनी तिला कामाला लावलं. तिने पेटीतली एकेक चीज रॉकेलमध्ये धुतली, फडक्याने पुसली, त्यांच्या हातात दिली. चाक पेटीत आपल्या जागी बसलं. त्यांनी समोरच्या चाकाच्या दातांना निळा रंग लावला, हाताने एक फेरा दिला आणि नव्या चाकावर निळं कुठे उमटलं ते चष्मा कपाळावर चढवून बघितलं. निळं प्रत्येक दाताच्या बरोबर मध्यावर होतं.

"माप बघ मेल्याचा," ते म्हणाले. "एक केस इकडे नाय, एक केस तिकडे नाय."

झाकण बसलं, नवं तेल पडलं. दुपार कलली होती. कृष्णनाथांनी खाचेच्या शेवटाशी टेबलाला असलेली लोखंडी ठोकर तपासली. ती मेस्तांनीच कधीकाळी लावून ठेवली होती. टेबल तिथवर आलं की दांडा आपसूक उडावा म्हणून. मग त्यांनी मोटार चालू केली, मशीनला नमस्कार केला, मनातल्या मनात कुणाची तरी माफी मागितली हे त्यांच्या ओठांवरून कळत होतं, आणि दांडा खाली केला.

टेबल हललं.

कुणाचा हात लागलेला नव्हता. हँडल आपलं आपण सावकाश फिरत होतं, आणि शाफ्ट कटरखालून एका चालीने पुढे जात होता. रुक्मिणीबाई दारात येऊन उभी राहिली. तिघंही त्या फिरणाऱ्या हँडलाकडे बघत राहिली. केसासारखा बारीक कीस निघत होता. विनोदिनीला कळत होतं की तो डाग आता जवळ येतोय. कटर तिथे पोचलं, आवाज जरासा बदलला, आणि पुढे गेलं. टेबल शेवटाला आलं. ठोकरीला दांडा लागला, खट्‌ करून उडाला, आणि टेबल थांबलं.

कृष्णनाथांनी मोटार बंद केली. बनियनच्या टोकाने डोळे पुसले. "शिवा, बघ रे."

विनोदिनीने खाचेतून नख फिरवलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत ते कुठेच अडलं नाही.

रुक्मिणीबाई पुढे आली आणि तिने हँडलाला हात लावला. "इतक्याच?" तिने विचारलं.

"इतक्याच, वयनी."

"दांडो खाली करूचो आणि बसान ऱ्हवाचा?"

"होय."

"ह्या येवढ्याशा चाकान देवाचा काय वायट केल्ल्यान?" ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही की फुटला नाही, आणि म्हणूनच विनोदिनीला भीती वाटली. "आमी त्येका काय कमी केलंव? सुतक पाळलंव. विचारूक धाडलंव. नाय म्हटल्यान, नाय केलंव. आणि त्येणी बसान बघल्यान. रोज बघल्यान." ती लेकीकडे वळली. "विनू, उद्या डिचोलीक जातंस ना? जाताना देव्हाऱ्यातले देव पिशयेत घाल आणि देवळात नेवन ठय. समई पण ने. माका त्येंचा तोंड बघूचा नाय."

आणि ती घराकडे निघाली. वाकून, पायांकडे बघत, एकदम म्हातारी झालेली. तिच्याजवळ आता कुणीच उरलं नव्हतं, आणि तो शेवटचा एकजणसुद्धा विनोदिनीनेच नेला होता. ज्याला तिने कधी हात जोडले नाहीत, त्याच्यावर आपल्या वाटचा आळ ढकलून ती इतके दिवस जेवत होती.

"आई, थांब."

रुक्मिणीबाई उंबऱ्यात थांबली. कृष्णनाथांनी हत्यारं पुसता पुसता मान वर केली.

"देवाक काय बोलू नको," विनोदिनी म्हणाली. तिचे हात तेलाने माखले होते आणि ते कुठे ठेवावेत हे तिला समजत नव्हतं. "त्येणी होय म्हटल्यान. गाऱ्हाणा पुरा होवच्या आदीच होय म्हटल्यान. उजवी सुटली होती, आई. बाबांका डावी म्हणान सांगलंय ता मिया."